गायकवाड सरकारचा समुद्र

बाजवा हे नाव ऐकले असता समुद्र कोणाच्याही मनात येत नाही. बडोदे सोडून गाडी अहमदाबादच्या वाटेला लागली की थोड्याच वेळात हे स्थानक येते. १९६० नंतर त्याच्या आसपास खताचा कारखाना उभा राहिला, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला, आणि चिमण्या, टाक्या व मालगाड्यांचे रूळ हीच बाजव्याची ओळख होऊन बसली. समुद्राचा वारा येथे पोहोचत नाही. मासळीचा वासही बाजाराच्या दिवशी येईल तेवढाच.

तथापि याच रुळांवरून ओख्याला जाणाऱ्या गाड्या धावतात. सुमारे सहाशे किलोमीटर पश्चिमेला, सौराष्ट्राच्या अगदी टोकाशी, जेथे कच्छचे आखात अरबी समुद्राला मिळते, तेथे त्यांचा प्रवास संपतो. बाजव्याच्या फलाटावर उभा राहून गाडीवरची पाटी वाचणाऱ्या माणसाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. बाजवा आणि ते ओखामंडळ ही दोन्ही एके काळी एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याने आपल्या समुद्राची जशी मोजदाद करून घेतली तशी त्या वेळच्या फारच थोड्या हिंदी संस्थानांनी करून घेतली असेल.

बडोद्याचे राज्य नकाशावर सलग असे कधीच नव्हते. एखादे लुगडे फाडून त्याचे तुकडे गुजरातभर वाळत घालावेत तसा तो प्रकार होता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत, आणि त्यांतील अमरेली प्रांताला जोडलेला ओखामंडळाचा तुकडा सर्वांत दूरचा. वाघेर लोकांचा हा मुलूख इंग्रजांनी जिंकून १८१७ साली गायकवाडांच्या स्वाधीन केला. वाघेरांना हे राज्य मनापासून कधी मानवले नाही. १८५७ नंतरच्या धामधुमीत त्यांनी बेट आणि द्वारका ही दोन्ही ठाणी ताब्यात घेतली होती. बडोद्याच्या दप्तरात ओखामंडळाची प्रसिद्धी दोनच गोष्टींसाठी होती, वाघेरांचे बंड आणि द्वारकेची यात्रा. जमीन रेताड, पाऊस बेभरवशाचा, महसूल बेताचा. अशा तालुक्यावर कामदार म्हणून नेमणूक होणे ही बढती समजावी की शिक्षा, असा प्रश्न बडोद्याहून तिकडे जाणाऱ्या एखाद्या दक्षिणी अंमलदाराला पडला असल्यास नवल नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक येऊन १८७५ साली गादीवर बसलेले सयाजीराव महाराज १८८१ मध्ये कारभार स्वतः पाहू लागले. आपल्या राज्यात काय आहे आणि किती आहे याची शास्त्रशुद्ध मोजणी झालीच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. जमिनीखाली काय दडले आहे हे पाहण्यासाठी त्यांनी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला नोकरीस ठेवले आणि त्याचा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच दोन वर्षांत गुजरातेत छपन्नियाचा दुष्काळ पडला. शेतसाऱ्यावर उभे असलेले राज्य किती लवकर डळमळते हे त्या दुष्काळाने सर्वांनाच दाखवून दिले. १९०४ साली महसूलमंत्री म्हणून रमेशचंद्र दत्तांसारखा अर्थशास्त्राचा जाणकार बडोद्यात आला. त्यानंतर वर्षभरातच दरबाराची नजर जमिनीवरून समुद्राकडे वळलेली दिसते.

समुद्राकडे वळलेली ही पहिली दृष्टी निरपेक्ष ज्ञानाची नव्हती. ती मोत्यांची होती. १९०५ साली सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर मोत्यांच्या शिंपल्यांचा जो हंगाम झाला, तेवढा मोठा हंगाम तेथे पूर्वी कधी झाला नव्हता. त्याचा गाजावाजा सर्वत्र होता. कच्छच्या आखातात नवानगरच्या जामसाहेबांच्या किनाऱ्यावरही मोती निघत. मग त्याच आखाताच्या तोंडाशी असलेल्या आपल्या ओखामंडळात ते का निघू नयेत, असा विचार बडोदे दरबाराने केला असल्यास त्यात वावगे काही नाही. सिंहलद्वीपच्या मोत्यांच्या शिंपल्यांचा अभ्यास लिव्हरपूलचे प्राध्यापक हर्डमन यांनी केला होता, आणि त्यांचा जो सहकारी तेथेच मागे राहून काम करीत होता त्याला बडोद्याने पाचारण केले. त्याचे नाव जेम्स हॉर्नेल.

हॉर्नेल हा पुस्तकी पंडित नव्हता. १८६५ साली जन्मलेल्या या माणसाने इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर समुद्रजीवांच्या अभ्यासाची एक लहानशी प्रयोगशाळा चालविली होती. होड्यांचे बांधकाम, जाळी विणण्याच्या रीती, कोळ्यांचे रीतिरिवाज, या सर्वांत त्याला सारखेच स्वारस्य. पुढे तो मद्रास सरकारच्या मत्स्यखात्याचा संचालक झाला आणि जगातील नौकांच्या इतिहासावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. १९०५ आणि १९०६ या वर्षांत तो ओखामंडळात आला, तेव्हा द्वारकेपर्यंत रेल्वे नव्हती आणि ओखा बंदरही बांधले गेले नव्हते. समुद्र मात्र होता, आणि ओहोटी होती.

ओहोटीचे महत्त्व येथे सांगितलेच पाहिजे, कारण कच्छच्या आखाताचे खरे वैशिष्ट्य तिच्यात आहे. ओख्याजवळ उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत तीन-चार मीटरांचे अंतर पडते, आणि आखातात आत जावे तसे ते वाढत जाते. पाणी उतरले म्हणजे किनाऱ्यालगतचे विस्तीर्ण खडक काही तास उघडे पडतात. इतरत्र जे प्रवाळ पाहण्यासाठी बुडी मारावी लागते, ते येथे गुडघाभर पाण्यात चालत जाऊन पाहता येते. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते आणि त्या प्रत्येक खळग्यात एक लहानसा समुद्र नांदत असतो. मेंदूसारख्या वळ्यांचे पोवळ्याचे गोळे, फुलासारखे उमलून हात लागताच मिटणारे समुद्रफूल, पिवळे व नारिंगी स्पंज, दगडाखाली दबा धरून बसलेला आठपायी माकूळ, काट्यांचे समुद्री साळिंदर, आणि वाळूत निवांत पडलेली समुद्रकाकडी, असा तो संसार असतो. हॉर्नेलने हे खडक तुडविले, दगड उलथून पाहिले, आणि पाणी जेथे उतरत नाही तेथे होडीमागे तळ खरवडणारी जाळी ओढून खालचे जीव वर काढले.

मोत्यांच्या बाबतीत त्याला जे सापडले ते दरबाराच्या अपेक्षेहून वेगळे होते. येथील चिखलाळ खाड्यांत एक चपटा, पातळ आणि जवळजवळ पारदर्शक शिंपला असतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या ऐवजी ज्या शिंपल्यांचे चौकोन बसविलेले दिसतात, तोच हा शिंपला. त्यातही मोती सापडतो, पण तो बारीक आणि मंद असतो. दागिन्यात त्याला मान नाही. तो वैद्यांच्या खलात जातो आणि त्याचे भस्म होते. राजमुकुटासाठी मोती शोधावयास निघालेल्या दरबाराच्या हाती औषधाची पुडी यावी, यात थोडा विनोद आहे.

शंखाची हकीकत मात्र अधिक मोलाची आहे. द्वारकेसमोरच्या बेटाचे जुने नाव शंखोद्धार. शंखासुराची कथा तेथेच घडली अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा हवेतून आलेली नव्हे, कारण पूजेत वाजविला जाणारा शंख त्या बेटाच्या आसपासच्या समुद्रात खरोखरच निपजतो. दक्षिणेत तुतिकोरीनला शंखासाठी पाणबुडे बुड्या मारतात. ओखामंडळात वाघेर लोक ओहोटीला खडकांवर जाऊन ते हातांनी वेचीत. या निरीक्षणाने हॉर्नेलचे कुतूहल जे जागे झाले, त्यातून त्याने १९१४ साली हिंदुस्थानच्या पवित्र शंखावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ब्रूस फूटला काठेवाडात जुन्या शंखांच्या बांगड्यांचे तुकडे सापडले होते. त्यांचा आधार घेऊन हॉर्नेलने असे म्हटले की शंख कापून बांगड्या करण्याचा जो धंदा त्याच्या काळी बंगालात चालत असे, तो फार प्राचीन काळी गुजरात-काठेवाडात चालत असला पाहिजे. या तर्काला पुढे किती भक्कम पुरावा मिळाला पाहा. १९८३-८४ साली बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने द्वारकेजवळ नागेश्वर येथे उत्खनन केले. तेथे हडप्पा संस्कृतीच्या काळची, शंख कापून वस्तू घडविणाऱ्या कारागिरांची वसाहतच उजेडात आली. ओखामंडळातले लोक चार हजारांहून अधिक वर्षे त्याच खडकांवरून तोच जीव वेचीत आले होते.

हॉर्नेलचे काम खडकांवरच संपले नाही. जमविलेले नमुने बरण्यांत भरून निरनिराळ्या तज्ज्ञांकडे परदेशी रवाना झाले. स्पंज लंडनचे प्राध्यापक डेंडी यांच्याकडे गेले. कवच नसलेल्या रंगीत सागरी गोगलगाई सर चार्ल्स एलियट यांच्याकडे गेल्या. हे एलियट महाशय म्हणजे एक अजब गृहस्थ होते. पूर्व आफ्रिकेतील इंग्रजी मुलखाचा कारभार त्यांनी पाहिलेला, पुढे ते जपानात राजदूत झाले, आणि या सगळ्या राजकारणातून सवड काढून ते गोगलगाईंचे दात मोजीत बसत. अशा मंडळींच्या परिश्रमांतून बडोदे सरकारला सादर केलेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली लंडनमध्ये छापून निघाला. ओखामंडळाच्या समुद्रातील प्राण्यांची ती पहिली शास्त्रीय नोंद होय. त्यातील काही जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या.

बरणीतल्या नमुन्यात एक मोठी उणीव असते. त्याचा रंग जातो. जिवंतपणी निळ्या-पिवळ्या नक्षीने झळकणारी सागरी गोगलगाय मद्यार्कात पडताच काही दिवसांत मळकट गोळा होऊन बसते. लंडनमधल्या टेबलावर तिचे दात मोजता येतात, पण ओख्याच्या पाण्यात ती कशी दिसत होती हे टिपून ठेवणाऱ्याच्या शब्दांवरच विसंबावे लागते. पाण्याखाली छायाचित्र घेण्याची विद्या तेव्हा जन्मलेली होती. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रात बान्यूल्स येथे कॅमेरा जलाभेद्य पेटीत घालून समुद्रतळाची चित्रे घेतली होती. परंतु त्याचे यंत्र अवजड आणि चित्रे काळीपांढरी. शिवाय ते यंत्र कच्छच्या आखातात आणले असते तरी काय उपयोग झाला असता, हा प्रश्नच आहे. येथील भरती-ओहोटी तळचा गाळ सतत ढवळीत असते आणि पाणी गढूळ राहते. आजचे उत्तम कॅमेरे घेऊन उतरणाऱ्या पाणबुड्यालाही अनेकदा येथे हातभर अंतरापलीकडचे दिसत नाही. हॉर्नेलची रीत, म्हणजे ओहोटीची वाट पाहणे आणि खाली वाकून बघणे, ती येथे अजून जुनी झालेली नाही.

आता पैशाचे बोलू. मोत्यांनी बडोद्याचा खजिना भरला नाही. सिंहलद्वीपच्या ज्या हंगामाने सर्वांना मोह पडला होता, तेथेही १९०७ नंतर अनेक वर्षे हंगाम म्हणून झाला नाही. शिंपलेच उरले नव्हते. कच्छच्या आखातातील मोत्यांची मासेमारी १९६० च्या दशकानंतर बंद पडली. म्हणजे उत्पन्नासाठी जे शोधले ते हाती लागले नाही किंवा टिकले नाही, आणि शोधता शोधता जी यादी तयार झाली ती मात्र टिकली. ओखामंडळाच्या खडकांवर १९०५ साली काय काय जगत होते, हे आज सांगता येते ते या यादीमुळे. ती नसती तर काय गेले हेही कळले नसते. दरबाराने हिशेबाच्या वहीत जो खर्च बहुधा फुकट गेलेला म्हणून मांडला असेल, तोच त्या सगळ्या खटपटीतला शहाणपणाचा खर्च होता.

कारण पुढे जाण्यासारखे बरेच गेले. १९२० च्या दशकात ओखा बंदर झाले, मिठागरे उघडली गेली, १९३९ साली मिठापूरला टाटांचा रसायनांचा कारखाना निघाला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ओखामंडळाचा बडोद्याशी असलेला कारभारी संबंध तुटला. आखातातील प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली गेली, तिवरांची जंगले सरपणासाठी तुटली. फांद्याफांद्यांनी वाढणारे प्रवाळ या आखातात पूर्वी होते, याची खूण त्यांच्या मेलेल्या अवशेषांतच उरली. १९८० साली जामनगरच्या किनाऱ्यावरील बेटे आणि खडक यांचे अभयारण्य झाले आणि १९८२ साली त्याच्या गाभ्यातील भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भारतातील हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. अलीकडच्या काळात मिठापूरच्या खडकावर लक्षद्वीपहून आणलेले फांदीदार प्रवाळाचे तुकडे लावून पाहण्यात आले. शेतकरी कलम लावतो तसेच हे काम. जगेल ते जगेल.

आणि छायाचित्र? त्याची पाळी आखातात न येता थोड्या दक्षिणेला, वेरावळ-मांगरोळच्या खुल्या समुद्रात आली. तेथे दरवर्षी व्हेल शार्क येतो. नावात व्हेल असला तरी तो मुशीच्या कुळातला मासा आहे, जगातला सर्वांत मोठा, बारा मीटर आणि त्याहूनही लांब. बारीक जीव गाळून खाणारा हा शांत प्राणी. त्याला मारण्यासाठी गळाला रिकामी पिंपे बांधीत, म्हणून कोळी त्याला बॅरलच म्हणत. यकृताचे तेल होड्यांना चोपडण्यासाठी वापरले जाई आणि मांस परदेशी जाई. माइक पांडे यांनी या कत्तलीवर काढलेला चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. किनाऱ्यावर रक्ताने लाल झालेले पाणी आणि अजून श्वास घेणारा तो प्रचंड मासा लोकांनी पडद्यावर पाहिला. २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. पुढच्या वर्षी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले.

कायद्याने मासा वाचत नाही, तो जाळ्यातून सुटावा लागतो, आणि जाळे कोळ्याचे असते. हजारो रुपयांचे जाळे कापून मासा सोडणाऱ्या माणसाला भरपाई मिळाली पाहिजे, हे सरकारने मान्य केले. परंतु भरसमुद्रात मासा खरोखर सोडला याला साक्षीदार कोण? आधी वनखात्याचा माणूस येईपर्यंत कोळ्याला आणि माशाला दोघांनाही थांबावे लागे. त्या प्रतीक्षेत मासा दमून मरण्याचा धोका असे. २०१२ पासून कोळ्यांच्याच हातांत पाण्यात चालणारे कॅमेरे देण्यात आले. मासा अडकला, जाळे कापले, मासा गेला, अशी चित्रे घेऊन यावयाचे आणि त्यांवर भरपाई मिळवावयाची. नऊशेहून अधिक व्हेल शार्क अशा रीतीने गुजरातच्या समुद्रात परत गेले आहेत. ज्याला पूर्वी बॅरल म्हणत त्याला आता व्हाली, म्हणजे लाडकी, म्हणतात. माहेरपणाला आलेल्या लेकीची उपमा मोरारीबापूंनी कोळ्यांना दिली होती, आणि ती कोळणींना पटली असे दिसते.

या चित्रांचा आणखी एक उपयोग आहे. व्हेल शार्कच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक माशाची निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. आकाशातील ताऱ्यांचे पुंज ओळखण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी जी गणिताची रीत काढली होती, तीच २००५ साली या ठिपक्यांना लावण्यात आली. कल्ल्यामागच्या बाजूचे एक चांगले चित्र मिळाले की हा मासा पूर्वी कोठे दिसला होता हे पडताळून पाहता येते. बरणी लागत नाही आणि मासाही मरत नाही. हॉर्नेलला हे पाहावयास मिळाले असते तर त्याने आनंदाने आपल्या बरण्या बाजूला ठेवल्या असत्या.

हे सर्व ओखा आणि वेरावळचे झाले. बाजव्याचा स्वतःचाही एक समुद्र आहे. जवळच्याच धनोऱ्यापासून एक बांधीव कालवा निघतो आणि सुमारे ५६ किलोमीटरांवर, जंबुसर तालुक्यात, महीच्या रुंद मुखाशी खंभातच्या आखाताला मिळतो. १९८३ साली तो सुरू झाला. बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांचे, प्रक्रिया केलेले सांडपाणी तो वाहून नेतो. गाव ओख्यापासून सहाशे किलोमीटर दूर असले तरी त्याच्या कारखान्यांचे पाणी रोज समुद्राला भेटते.

त्या समुद्राचीही एक साक्ष बडोद्यात आहे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एका निळ्या देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे, सत्तर फुटांच्या आसपास लांबीचा. १९४० च्या दशकात तो महीच्या मुखात शिरला आणि परत फिरला नाही. शाळेच्या सहलीतली मुले त्याच्या बरगड्या मोजतात आणि एवढा मोठा प्राणी बडोद्याला कसा आला असे विचारतात. त्यांना महीचे मुख दाखवले पाहिजे. तेथे पाणी ओख्याहूनही गढूळ आहे आणि भरतीचा जोर तर कितीतरी अधिक. कॅमेऱ्याला तेथे काहीच दिसणार नाही. चिखलात उतरून, बादलीभर गाळ चाळणीत धुऊन, त्यातला एकेक किडा, खुबी आणि खेकडा वेगळा काढून त्याचे नाव लिहिणारा माणूसच तेथे लागतो, आणि तो दरवर्षी त्याच जागी परत आला पाहिजे.